कचरूरावांची खाट

खामगाव,
संक्रांतीच्या आधीचा शुक्रवार

प्रिय संजू,

हे पत्र केसरच्या हाती पाठवते आहे. ती आली की आधी तिला हातपाय धुवायला पाणी दे, गरम भाकर दे. ठेचा देऊ नकोस, तिचं पोट सध्या नाजूक आहे. ती जेवायला बसली की तू मागच्या अंगणात जा आणि मग हे उघड. तिच्यासमोर वाचू नकोस. वाचताना तुझे ओठ हलतात, चौथीत मास्तरांनी छड्या दिल्या तरी ती सवय गेली नाही. फोन का नाही केला, असं म्हणशील. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मी दोन वाक्यं बोलते, तू "हाव ताई, हाव ताई" करतेस, मग तुझा आवाज भरतो, तो ऐकून माझा भरतो, आणि सांगायचं ते राहूनच जातं. परवाही तसंच झालं. तू म्हणालीस, यांची खाट आता अडचणच झाली आहे, नुसती भिंतीला उभी असते, मोठा पोरगा म्हणतो संक्रांत झाली की कोणाला तरी देऊन टाकू. मी म्हटलं, थांब, पत्र लिहिते. एका खाटेसाठी पत्र कशाला, हे तू विचारलं नाहीस, पण तुझ्या मनात आलं असणार. सांगते. मी लिहायला बसले की लांबतं, तेवढं सोसून घे.

त्या खाटेची जन्मकथा तू विसरली नसशील. पहिल्या दिवाळसणाला कचरूराव आपल्याकडे आले, आणि आईने घरातली सगळ्यात चांगली खाट त्यांच्यासाठी टाकली. जवाईबापू आडवे झाले तर पोटरीपासून खालचे पाय बाहेर! आईने लगबगीने धान्याची कोठी सरकवली, तिच्यावर उशी ठेवली, आणि आपण दोघी दाराआड तोंडात पदर कोंबून हसत होतो. सकाळी ते म्हणाले, "झोप मस्त झाली, फक्त पाय दुसऱ्या गावाले होते." मग मोताळ्याला परत गेल्यावर त्यांनी सुताराकडून बाभळीची लांब खाट करून घेतली आणि सुतळी स्वतः विणली. दारातून आत जाईना म्हणून तिरपी करून न्यावी लागली. असा माणूस. पोळ्याच्या आधी गेला तेव्हा तिरडीसुद्धा लांब बांधावी लागली. हे लिहायला नको होतं. लिहिलं गेलं, आता खोडत नाही.

इकडे सगळं ठीकच म्हणायचं. जिनिंगवर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते, तुझे भाऊजी वजनकाट्यावरून घरी येतात तेव्हा मिशीला कापूस चिकटलेला असतो, आणि मी त्यांना म्हणते, एवढ्यात पिकलात काय. पण तुला ऐकायचं आहे ते केसरचं. दर आठवड्याला विचारतेस, तिचा नवा फोटो काऊन नाही टाकला? मी म्हणते, थंडी आहे, सुट्टी आहे. खोटं आहे ते. केसरचं वेटलिफ्टिंग सुटलं. पुण्याच्या त्या निवासी केंद्रातून ती दिवाळीत पेटी-वळकटी घेऊन आली ती कायमचीच. दोन मोसम एकही पदक नाही म्हणून यादीतून नाव काढलं. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही, तिच्या पलंगासाठी दुसऱ्या पोरी वाट पाहत असतात. आणि पदकांचं मला काही नाही गं. चार पदकं पत्र्याच्या डब्यात पडली आहेत, आणखी चार आली असती तर डबा मोठा लागला असता, एवढंच. दुखणं वेगळं आहे. पोर जेवत नाही. सतरा वर्षांची वाढती पोर, चतकोर भाकर खाते आणि ताट सरकवते. या पत्रात मी जे जे लिहीन ते फक्त त्यापायी लिहिते आहे, हे लक्षात ठेव.

तुला आपल्या गावची हापशी आठवते ना? मी बुटकी, हंडा भरला की एका झटक्यात डोक्यावर. जमिनीपासून माझ्या डोक्यापर्यंत अंतर ते किती! तू मात्र उंटासारखी घडीघडीने बसायचीस, घडीघडीने उठायचीस, आणि मधल्याच कुठल्या तरी घडीत हंडा पुढे कलंडायचा नि अर्धं पाणी माझ्या अंगावर. आई म्हणायची, पुष्पी कामाची अन् संजी शोभेची. तू रडायचीस. तुझ्या अंगात ताकद कमी होती असं नाही, कापसाचं गाठोडं तू माझ्यापेक्षा लांब नेत होतीस. पण ताकद एक आणि हाडांची लांबी एक, हे तेव्हा आपल्याला कोण सांगणार? मला ते कळलं आसिम सरांकडून, तेही चाळिशीत.

आसिम सर म्हणजे केसरचे पहिले गुरू. उर्दू शाळेत खेळ शिकवतात आणि संध्याकाळी जुन्या तेलगिरणीच्या मागच्या शेडमध्ये पोरापोरींकडून वजनं उचलून घेतात. त्यांनी मला एकदा समोर बसवून समजावलं होतं. हा खेळ दिसतो ताकदीचा, पण ताकदीच्या आधी मापाचा आहे. बार जमिनीवरून उचलायचा आणि डोक्यावर नेऊन थांबवायचा. हातपाय आखूड तर रस्ता थोडा. धड लांब आणि मांडी आखूड असली की माणूस बार घेऊन खोल बसतो तरी छाती ताठ राहते, वजन बरोबर टाचांवर येतं. मांडी लांब असली की कंबर मागे जाते, छाती पुढे झुकते आणि बार हातातून पुढे निसटतो. तुझा हंडा निसटायचा तसा. त्यात वजनाचे गट. एका गटातल्या दोन पोरी काट्यावर सारख्या, पण ठेंगणीचं वजन सगळं मांसात आणि लंबूचं हाडांच्या लांबीत वाटलं गेलेलं. "उच्च मानसं उचलत नाईत असं नाई ताई," सर म्हणाले होते, "पन त्यायले वरच्या गटात जा लागते, अंग भरा लागते. त्याले सालोसाल लागतात." तेव्हा मी हे कौतुकाने ऐकलं होतं, कारण आमची केसर तेव्हा ठेंगणीत ठेंगणी होती.

खरंच होती. दहाव्या-अकराव्या वर्षी कशी दिसायची, आठव. गोल, घट्ट, मानेचा पत्ता नाही. भाऊजींचा डबा घेऊन जिनिंगवर जायची आणि काटा तपासायची ती लोखंडी वजनं असतात ना, ती इकडून तिकडे नेऊन ठेवायची. तोलार हसायचे, म्हणायचे, दीपकभाऊ, पोरगी बापावर गेली. आणि तुझे भाऊजी फुगून जायचे. त्यांनीच तिला आसिम सरांच्या शेडमध्ये नेलं. सरांनी तिला बार धरायला दिला, रिकामा, आणि खाली बसायला सांगितलं. ती अशी ताठ बसली की सरांनी बाकीच्या पोरांना थांबवून दाखवलं. तिला खाली बसायला कोणी शिकवलंच नव्हतं, अंगच तसं होतं.

मग बुलढाण्याला ती मोठी निवड झाली. पुण्याहून माणसं आली होती. पोरांकडून उड्या मारून घेतल्या, वजनं उचलून घेतली, आणि मग म्हणाले, आईवडिलांना पुढे पाठवा. मला वाटलं सही करायची असेल. तर त्यांनी आम्हालाच मोजायला घेतलं! पोर पुढे किती वाढेल याचा अंदाज मायबापाच्या मापावरून लावतात म्हणे. मला भिंतीला टाच लावून उभं केलं, मग स्टुलावर बसवून बसल्याची उंची घेतली, मग दोन्ही हात पसरायला लावले, चारचौघांत, पदर सांभाळत. भाऊजींचंही तसंच. आणि मोजणारी मॅडम खूश! दोघंही ठेंगणे, हात आखूड, धड लांब. ती म्हणाली, ही मुलगी छोटीच राहणार, या गटात बरीच वर्षं खेळेल. परतीच्या बसमध्ये भाऊजी म्हणाले, "जिंदगीत पैल्यांदा बुटकेपनाचे मार्क भेटले." खामगावच्या स्टँडवर त्यांनी सगळ्यांना जिलबी खाऊ घातली, कंडक्टरलासुद्धा. मी त्यांना इतकं मोकळं हसताना फार वेळा पाहिलेलं नाही.

पुण्यात पहिली दोन वर्षं सोन्यासारखी गेली. पदकं आली ती तेव्हाची. घरी आली की "मला, तुला" बोलायची, "मले" म्हटलं की पुण्याच्या पोरी हसतात म्हणायची. आणि मग ती वाढायला लागली. संजू, तुला आठवतं, तू तिच्यासाठी कपडे शिवून पाठवायचीस, आणि मी दिलेल्या मापापेक्षा प्रत्येक कुर्ता, प्रत्येक सलवार लांब असायची? आत चार बोटं दुमड, हातशिलाईने घातलेली, उसवायला सोपी. मी तुला फोनवर रागवायची, कापड काय फुकट आलंय का, पोर ठेंगणी आहे, कशाला एवढी दुमड ठेवतेस. तू काही बोलायची नाहीस. पुढच्या वेळी पुन्हा तेवढीच दुमड. चौदाव्या वर्षी मी पहिली दुमड उसवली, मग दुसऱ्या कुर्त्याची, मग तिसऱ्याची. वर्षभरात सगळ्या उसवून झाल्या. तुला ठाऊक होतं. मला काऊन नव्हतं?

तिच्या हाती काहीच राहिलं नाही. जी पोर बार घेऊन पाटावर बसल्यासारखी बसायची, तिला आपले गुडघे कुठे ठेवावे ते कळेना. मांड्या लांबल्या, हात लांबले. स्नॅचमध्ये दोन्ही हात पसरून बार धरतात, तर तिचे पंजे पार टोकाच्या चकत्यांना जाऊन टेकायचे. बार वर जायचा, ताकद होतीच, पण खाली बसताना पुढे निसटायचा. गट बदलला, तिथे तिच्या खांद्याएवढ्या पोरी तिच्या दीडपट उचलत होत्या. शिक्षक म्हणाले, धीर धर, अंग भरू दे. पण त्या वयात धीर कुठून आणायचा? मागच्या माघात बुलढाण्याला स्पर्धा होती. घराजवळ आहे म्हणून सगळे गेलो. कचरूरावही आले होते, आठवतं ना, तू त्यांना नको म्हणत होतीस, अंगात ताप होता. सगळ्यांच्या मागे दाराशी उभे राहिले, त्यांना कुठूनही दिसायचं. केसरच्या तिन्ही उचली वाया गेल्या. तिसऱ्या वेळी बार पुढे पडला तेव्हा ती तशीच बसून राहिली, लांब पाय दुमडून, जणू ते कुठे तरी लपवायचे होते. बाहेर नळापाशी कचरूराव मला एकटीला गाठून काही बोलले. ते पुढे लिहिते.

दिवाळीत परत आली तेव्हापासून पाहते आहे. पोरीच्या डोक्यात काय बसलं माहीत आहे? की आपण वाढलो ही आपली चूक आहे. सगळ्यांनी सांगितलं होतं छोटी राहशील, आणि आपण राहिलो नाही. जणू दिलेला शब्द मोडला. कमी खाल्लं की वाढ थांबते, म्हणून खात नाही. लांब झोपलं की हाडं वाढतात असं कोणी तरी तिथल्या पोरीने सांगितलंय, म्हणून पाय पोटाशी घेऊन, गुडघे हनुवटीला लावून झोपते. सतरा वर्षांची पोर, आणि मांजराच्या पिल्लाएवढी जागा घेते. सकाळी उठते तेव्हा पाय आखडलेले असतात, भिंत धरून चालते. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, रक्त कमी आहे, बाकी काही नाही, समजावून सांगा. काय समजावू? मी म्हणायची, असतं बाई एकेकाचं अंग. ती म्हणायची, तुमच्या दोघांचं तर असं नाही ना. आणि पुन्हा भिंतीकडे तोंड.

मग आसिम सर तिला भेटायला आले. तिच्याशी बोलले, भालाफेकीचं काही सांगितलं, लांब हात तिथे देणगी असते म्हणाले. तिने मान हलवली आणि आत गेली. सर चहा पिता पिता मला म्हणाले, "ताई, एक गोस्ट मले समजून नाई राह्यली. मायबाप दोघंई मोजले होते. मंग एवढी उच्ची आली कुठून?" मी म्हटलं, माझी बहीण उंच आहे. ते म्हणाले, मावशीवरून एवढं? आणि कप ठेवून निघून गेले. मी स्वयंपाकघरात आले, पीठ भिजवायला घेतलं, आणि परातीत माझे हात तसेच राहिले. संजू, त्या दिवशी बुलढाण्याला मी भिंतीला टाच लावून उभी राहिले, बसले, हात पसरले, आणि माझ्या मनात एकदाही आलं नाही की माझं माप घेऊन काही उपयोग नाही. लपवलं असतं तर गोष्ट वेगळी. पण लपवायला आधी आठवावं लागतं. मी साफ विसरले होते. केसर माझ्या पोटची नाही, तुझ्या पोटची आहे, हे मी विसरले होते. संध्याकाळी भाऊजींना विचारलं, तुमच्या तरी ध्यानात होतं का? ते मिशी कुरवाळत म्हणाले, "माह्याही नोतं वो ध्यानात." मग आम्ही दोघं एकमेकांकडे पाहून हसलो, आणि हसता हसता ते उठून बाहेर गेले ते अंधार पडेपर्यंत आले नाहीत.

तुला मात्र एक दिवसही विसरता आलं नसेल. माझी तिसरी खेप वाया गेली तेव्हा तू दवाखान्यात आली होतीस, पोट पुढे घेऊन. माझ्या खाटेशी बसलीस आणि पोटावर हात ठेवून म्हणालीस, "ताई, हे तुयं." मी तुला वेड्यात काढलं होतं. पण बाराव्या दिवशी तू खरंच तिला माझ्या ओटीत घातलंस, खोबरं, तांदूळ आणि वर ती. आईने आपल्या दोघींचे हात दिव्यावर धरायला लावले. म्हणाली, पोरीले कदी सांगायचं नाई, नाईतर ते ना इकडची राहीन ना तिकडची. आणि आईचंच नाव तिला ठेवलं, म्हणजे आपल्यातल्या कोणाची जीभ सैल सुटू नये. तू शब्द पाळलास. तिला कधी इतर भाच्यांपेक्षा जास्त वेळ जवळ घेतलं नाहीस. ती "मावशी" म्हणाली की तू वळून बघायचीस, लगेच नाही, जरा थांबून. मला वाटायचं तुला ऐकू कमी येतं. मी किती मूर्ख गं.

आता नळापाशी काय झालं ते. कचरूराव अंगाने निम्मे झाले होते, उंची तेवढी राहिली होती. मला म्हणाले, "ताई, पोरगी नाई हारली. माहे पाय हारले." मग म्हणाले, "तिले वाटून राह्यलं तिचं चुकलं. कोनी तरी तिले सांगा." एवढंच. ओंजळीने पाणी प्यायले, तोंड पुसलं आणि जाऊन बसमध्ये बसले. शब्द आईला दिलेला होता आणि आई नव्हती, तरी मी गप्प राहिले. पावसाळा आला, ते गेले. तेराव्याला केसर तुझ्याकडे बायांना पाणी वाढत होती, भाची वाढते तशी. ती दारातून वाकून आत आली तेव्हा तुमच्या शेजारच्या म्हाताऱ्या अन्नपूर्णाबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि पदर डोळ्याला लावला. तुझ्याकडे मी पाहिलंच नाही.

संजू, मी तिला सांगितलं. या रविवारी, गच्चीवर उन्हात, भाऊजी शेजारी बसले होते. तुला न विचारता सांगितलं, कारण विचारलं असतं तर तू "हाव ताई" म्हटलं असतंस आणि आपण दोघी रडत बसलो असतो, आणि ती आणखी चार घास कमी जेवली असती. ती खूप वेळ आपल्या पायांकडे पाहत राहिली. मला वाटलं, आता विचारेल की दिलं काऊन. त्याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. पण पुण्याची भाषा सोडून ती लहानपणीसारखी म्हणाली, "मंग मी वाढली, हे माही चूक नोती?" भाऊजींनी तोंड फिरवलं. मी म्हटलं, नोती गं बाई. मग तिने विचारलं, "त्याईले माईत होतं, मी त्याईची?" मी म्हटलं, माहीत होतं, म्हणून तर तापात उभे होते. त्या रात्रीला तिने पूर्ण भाकर खाल्ली. अजूनही मला आईच म्हणते. फक्त म्हणण्याच्या आधी जरा थांबते, तू थांबायचीस तशी. काल म्हणाली, मोताळ्याला जाते. परत कधी येशील हे मी विचारलं नाही, आणि तिला कधी पाठव हेही तुला लिहीत नाही. अंगात तूच शिवलेला कुर्ता आहे, त्यात आता उसवायला काही उरलं नाही. आत्ता ती ताटावर बसून तुझीच वाट पाहत असेल, तू अंगणातून कोणता चेहरा घेऊन येतेस म्हणून. भिऊ नकोस, जा. तिला बापाचे पाय मिळाले आणि बाप मिळाला नाही, तेव्हा निदान खाट तरी राहू दे. भिंतीपासून काढ, सुतळी ढिली झाली असेल तर मोठ्याकडून आवळून घे, आणि तिला त्यावर झोपव. सवयीने पाय पोटाशी घेईल, काही म्हणू नकोस. झोप लागली की कधी तरी आपोआप लांब होतील. सकाळी मला फोन कर. रडू नकोस. एवढंच सांग, तिचे पाय खाटेत मावले का.

तुझीच,
पुष्पी